डाव्या अंगाले उतार

एकवीस पोरांना नाताळच्या सुट्टीत नदीवर न्यायचं, तर आधी ती नदी आपण स्वतः पालथी घालायची, हे रागिणीनं मनाशी पक्कं केलं होतं. (नेमकं पालथं काय झालं, ते पुढे कळेलच!) म्हणून डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता ती वरूडच्या पुढे, वर्धा नदीच्या एका घाटावर कुडकुडत उभी होती. समोर पाण्यात दोन कॅनो डुलत होत्या, एक नारंगी आणि एक निळी. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही होती, आणि त्या वहीत सगळी सहल तासातासाची आखून ठेवलेली होती.

रागिणी वलगावच्या एका शाळेत भूगोल शिकवायची आणि तिथलंच स्काउट-गाइडचं लहान पथक सांभाळायची. पोरं दहा-अकरा वर्षांची. पावसाळा संपल्यापासून दर रविवारी ती निवृत्त मुख्याध्यापक भगवंतरावांच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकत होती. पाठीला वाळलेला भोपळा बांधलेला, काठावर दोर धरून भगवंतराव बसलेले आणि आत धपाधप उड्या! दोन महिन्यांत वीस जणांचे भोपळे सुटले. एकविसावी प्राजक्ता. तिला हातपाय मारता येत होते, दमही चांगला होता, पण भोपळा सोडायचं नाव काढलं की ती पायऱ्या चढून वर यायची आणि सरळ चपला घालायची.

"मॅडम, खाली पाय नाई लागत," ती म्हणायची. "अन् पाय नाई लागले का मले भेव लागते."

तिला रागिणीनं शब्द दिला होता, की नदीवर तुझा भोपळाही आपल्याबरोबर येईल, आणि मी तुला कुठेही बुडू देणार नाही. शब्द देताना माणूस किती सहज देतो! पण त्या दिवसापासून तो शब्द रागिणीच्या मानगुटीवर बसला होता.

सहलीचं मोठं आकर्षण म्हणजे बेट. घाटापासून अठरा किलोमीटर खाली, दोन्ही काठांना रान आणि मधोमध झाडीनं भरलेलं एक बेट. तिथं एक मुक्काम करायची परवानगीही काढून झाली होती. रागिणीनं ते फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हापासून पोरांच्या वह्या बेटांनी भरून गेल्या. कुणी त्यावर मोर काढले, कुणी तंबू काढले. शिवम नावाच्या एका बहाद्दरानं तर आइस्क्रीमची गाडीसुद्धा काढली.

आता मध्ये फक्त एक कागद होता. स्काउटच्या जिल्हा समितीनं दिलेल्या त्या फॉर्मवर छापलं होतं, 'मी हा संपूर्ण मार्ग स्वतः पार केला असून तो मुलांसाठी सुरक्षित आहे.' खाली सहीची जागा. गुरुवारपर्यंत सही झाली, तर या दोन कॅनो देणारा नागपूरचा क्लब आणखी सहा पाठवणार होता. नाही झाली, तर एकवीस पोरांची सुट्टी वलगावातच जाणार होती.

सोबतीला दोघं होती, दोघंही तिच्याच पथकात वाढलेली. कुंदन एकोणीस वर्षांचा, अमरावतीला पॉलिटेक्निकला शिकणारा. अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून दणकट. आचल सतरा वर्षांची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली, मोजकं बोलणारी आणि नेमकं पाहणारी. रागिणी आणि आचल नारंगी कॅनोत बसल्या. कुंदन सामानासकट निळीत एकटा. तिघांनीही जाकिटांचे पट्टे आवळले आणि वल्ही पाण्यात पडली.

पहिला तास कसा गेला कळलंच नाही. पाण्यावर धुक्याची पातळ साय होती. वल्ह्याच्या टोकावरून गळणाऱ्या थेंबांचाही आवाज येत होता. काठावर संत्र्याच्या बागा लगडल्या होत्या आणि कुठूनतरी ट्रॅक्टरचा आवाज यायचा, मग वळण आलं की तोही मागे राहायचा. एका खुंटावर खंड्या बसला होता. तो या दोन रंगीत प्राण्यांकडे बघतच राहिला आणि त्या नादात त्याचा मासा निसटला. रागिणीनं वहीत लिहिलं, 'पहिला टप्पा सोपा. इथे पोरांना वल्हं धरायला शिकवणे.'

मग नदीनं आपले डाव टाकायला सुरुवात केली.

पहिला अडथळा एका बागवाल्याच्या पाइपाचा. मोटरपंपाचा काळा पाइप पाण्याच्या दीड हात वर, या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला! आचलनं तो वेळेवर पाहिला म्हणून बरं, नाहीतर थेट गळ्याशी आला असता. काठावरच्या माणसानं बेचक्याच्या काठीनं पाइप उचलून धरला, दोन्ही कॅनो खालून काढून दिल्या आणि वरून ओंजळ-ओंजळ संत्री आत टाकली. पोरं येतील त्या दिवशी पाइप खाली सोडून ठेवतो, असंही तो आपणहून म्हणाला. रागिणीनं त्याचा फोन नंबर वहीत लिहून घेतला आणि पुढं दोन संत्री खाईपर्यंत त्याला दुवा देत राहिली.

दुसरा अडथळा अधिक नाजूक होता. उजवीकडच्या कड्याला आग्या मोहोळ लटकत होतं, चांगलं सुपाएवढं! आचलनं तोंडावर बोट ठेवलं. वल्ही उचलायची, बोलायचं नाही आणि प्रवाहाबरोबर नुसतं वाहत जायचं. कुंदनला दहा मिनिटं गप्प बसावं लागलं, आणि त्याच्या मते त्या दिवसाचं खरं साहस तेच होतं. 'मोहोळ. डाव्या काठानं, मौन,' रागिणीनं लिहिलं. एकवीस पोरांचं मौन कसं साधायचं, हे मात्र तिला सुचलं नाही, म्हणून तिथं तिनं नुसतंच प्रश्नचिन्ह काढलं.

तिसऱ्या अडथळ्याची तिनं आधीच तयारी ठेवली होती. आठवड्यापूर्वी ती रस्त्यानं येऊन खालच्या डांगरवाडीत मोतीरामला भेटून गेली होती. नदीचं पाणी ओसरलं की वाळू उघडी पडते, आणि त्या वाळूत खड्डे करून, शेणखत भरून डांगरं, म्हणजे खरबुजं, आणि टरबुजं लावतात, ती डांगरवाडी. मोतीरामचं सगळं आयुष्य या वाळूत गेलेलं. सत्तरीचा माणूस, पण नदीची खडान् खडा माहिती. त्यानं नदीच्या वाहत्या अंगाला तोंड करून, डावा हात लांब करून तिला सांगितलं होतं, "काया खडकापाशी नदी फाकते, बाई. डाव्या अंगाले उतार हाय. ध्यानात ठेवजा."

रागिणीनं तिथल्या तिथं वही काढली. उतार आला की पाण्याचा वेग वाढतो, हे ती दर वर्षी सहावीला शिकवायची. तिनं लिहिलं, 'काळा खडक. डावीकडे उतार, धोका! उजवी धार घेणे.' खाली लाल पेननं दोन रेघा ओढल्या. बाई आपलं बोलणं लिहून घेते आहे, हे पाहून मोतीरामलाही भरून आलं होतं. त्यानं घरात जाऊन सुनेला, शकुनला, मुद्दाम चहा ठेवायला सांगितला होता.

साडेदहाच्या सुमाराला तो काळा खडक समोर आला. बसलेल्या बैलजोडीएवढा, नदीच्या ऐन मध्यात, आणि त्याच्यामागे खडकांचीच लांब रांग गेलेली. त्याच्या अलीकडेच नदी दुभंगली होती. डावी धार रुंद, गोट्यांवरून फुटत, फेसाळत आणि मोठा कालवा करत निघालेली. उजवी अरुंद, गुळगुळीत, काळीशार आणि अगदी गप्प. डोळ्यांनाही उजवीच शहाणी वाटत होती. रागिणीनं वही आठवली आणि कॅनोचं तोंड उजवीकडे वळवलं.

तेवढ्यात डाव्या हाताच्या वाळूवर एक माणूस धावताना दिसला. मोतीरामच तो! डोक्यावरचा दुपट्टा सोडून तो हवेत फिरवत होता आणि घसा फोडून ओरडत होता. पाण्याच्या गोंगाटात एकच शब्द तुटक तुटक ऐकू येत होता.

"उतार... उतार..."

रागिणीला त्याचं फार बरं वाटलं. पोटच्या पोरीसारखी काळजी करतो आहे बिचारा! सावध करायला इतक्या लांबून धावत आला! तिनं वल्हं उंच करून त्याचे आभार मानले आणि कॅनो आणखी उजवीकडे घातली.

वळण संपलं. आणि समोर झाड!

पावसाळ्यात काठ खचून कोसळलेलं अर्जुनाचं भलंथोरलं झाड. मुळं उजव्या काठावर, शेंडा मधल्या खडकावर टेकलेला, आणि धारेच्या आडवं पडलेलं खोड. सगळं पाणी त्याच्या फांद्यांच्या जाळीत घुसत होतं. आता कळलं, ही धार इतकी गप्प का होती!

"मागे! मागे घे!" रागिणी ओरडली.

दोघींनी उलटी वल्ही मारली. एकदा. दोनदा. काही उपयोग झाला नाही. पाण्यानं कॅनो आडवी केली. धाड! खोडावर आदळली. एक बाजू वर आली, दुसरीतून पाणी आत घुसलं. कॅनो पालथी! रागिणीच्या हाताला खोडाचा एक खुंट लागला. तिनं तो कवटाळला, गुडघा वर टाकला, कशीबशी खोडावर चढली. मागं वळून पाहिलं तर आचल नव्हती.

रागिणीनं खोडावर वाकून हाका मारल्या.

मग फांद्यांच्या जाळीत नारंगी जाकीट दिसलं. आचल होती! मानेपर्यंत पाण्यात, फांदीला दोन्ही हातांनी लटकलेली. जाकिटाचा पट्टा एका तुटक्या फांदीत अडकला होता. तो तिला वरही येऊ देत नव्हता आणि पुढंही जाऊ देत नव्हता. मागून पाणी ढकलत होतं. दर लाटेला तिची हनुवटी बुडत होती.

"सोडू नको, आचल. मी आहे." रागिणी खोडावर आडवी झाली, हात खाली सोडला, तिचं मनगट पकडलं. पण ओढणार कशी? तो पट्टा काही केल्या सुटेना. चाकू सामानात होता, सामान निळ्या कॅनोत होतं, आणि निळी कॅनो मागे राहिली होती. कुंदननं वळणाआधीच तिचं नाक खडकात घुसवून स्वतः खडकावर उडी टाकली होती. तो धावत येत होता, पण चाकूची आठवण त्यालाही नव्हती.

आणि मग रागिणीनं असं काही पाहिलं, की क्षणभर तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्या खवळलेल्या, फेसाळणाऱ्या डाव्या धारेतून मोतीराम आणि शकुन चालत येत होते. चालत! पाणी त्यांच्या गुडघ्यालाही लागत नव्हतं.

मोतीरामच्या खांद्यावर नाडा होता, बैलगाडीतलं ओझं आवळायचा जाड दोर. शकुननं लुगड्याचा काचा मारून कमरेला विळा खोचला होता. ती खडकावर चढली, झाडाच्या शेंड्यावर पालथी झाली आणि खारीसारखी सरपटत खोडावरून पुढं आली. दोर रागिणीच्या हातात दिला. रागिणीनं तो आचलच्या काखेतून घेऊन गाठ मारली. स्काउटची पहिली गाठ, हजार वेळा पोरांना शिकवलेली! आज ती तिनं दोनदा ओढून पाहिली.

"पट्टा तोडतो मी," शकुन म्हणाली. "पोरी, पट्टा तुटला का फांदी सोडजो. मामाजी ओढतीन."

विळा पाण्यात गेला. एक झटका. दुसरा. पट्टा तुटला! आचलनं फांदी सोडली. मोतीराम आणि कुंदन खडकावर पाय रोवून मागं वाकले. दोर ताणला. पाण्यानं आचलला एकदा खाली ओढलं, एकदा वर फेकलं, आणि मग ती खडकाच्या कडेला लागली. कुंदननं तिला दंडाला धरून वर घेतलं. ती खोकली, पाणी ओकली, परत खोकली. मग म्हणाली, "ताई, वही गेली का?"

वही गेली नव्हती. पिशवीसकट एका फांदीत लटकून मजेत डुलत होती. रागिणीच्या जिवात जीव आला आणि ती तिथंच, त्या ओल्या खोडावर बसून रडायला लागली. शकुननं तिला धरून धरून खडकावर आणलं. मग पाचही जण त्या डाव्या धारेतून, गोट्यांवर पाय ठेवत, आरामात चालत वाळूवर आले.

डांगरवाडीतल्या झोपडीसमोर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ पेटला. आचलच्या अंगावर गोधडी आली, हातात आल्याचा चहा आला. ज्वारीची भाकर आणि ठेचा आला. कुंदन कधी नव्हे तो गप्प होता. शेवटी मोतीरामनंच विषय काढला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. आपलं सांगणं वाया गेलं, याचं.

"बाई, मी तुमाले सांगतलं व्हतं. लिवून घेतलं ना तुमी? मंग तिकडं काहून गेल्या?"

"तुम्हीच म्हणालात काका, डावीकडे उतार आहे. म्हणून तर मी उजवीकडे गेले."

मोतीराम तिच्याकडे पाहत राहिला. कुंदन मोतीरामकडे पाहायला लागला. आणि शकुनच्या सगळ्यांत आधी लक्षात आलं. तिनं तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरलं नाही.

"अवो माय! बाईले डोंगराचा उतार वाटला, मामाजी."

मग मोतीरामनं समजावून सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. उतार म्हणजे नदी जिथून पायी उतरून पल्याड जाता येते ती जागा. पाणी गोट्यावरून पसरते, म्हणून आवाज लय करते, पण खोल नसते. "जिथं पाय टेकते, तो उतार," तो म्हणाला. "आमच्या गाड्या, बैलं, लगनाच्या वराती, समद्या तिथूनच जाते. मी आरडून राहिलो, उतारानं या, उतारानं या, अन् तुमी वल्हं हालवून मले रामराम करून राहिल्या!"

दहा वर्षं भूगोल शिकवणाऱ्या रागिणीनं मोतीरामपुढे हात टेकले. नदीचा वेग, खोली, रुंदी सगळं तिला येत होतं. आणि नदीकाठचा एक साधा शब्द येत नव्हता. लाज तर वाटलीच. पण लाजेच्या तळाशी दुसरंच काही होतं, आणि ते हळूहळू वर आलं. आज तिच्या कॅनोत आचल होती. तीन आठवड्यांनी तिथं प्राजक्ता असती. आणि हा म्हातारा वाळूत खड्डे करायचं सोडून वर बघत नसता, तर? तिनं उठून मोतीरामच्या पायांना हात लावला, मग शकुनच्याही. शकुन लाजून झोपडीत पळाली.

दुपारपर्यंत नारंगी कॅनो दोरानं ओढून काढली. तिच्या बुडाला हातभर चीर गेली होती. मोतीरामनं डांबर वितळवलं, चिरेत कापूस दाबून भरला आणि वरून डांबराचा हात फिरवला. त्याचा डोंगा दर वर्षी असाच दुरुस्त होत होता. नागपूरच्या क्लबच्या कॅनोलाही वऱ्हाडचा कापूस चालला.

कॅनो वाळल्यावर कुंदनला पुन्हा तोंड फुटलं. त्याचं म्हणणं, बेट दोनच तासांवर आहे. पुढं पाणी सरळ आहे, असं काकाच सांगतात. अंधार पडायच्या आत पोहोचू, उद्या सही करू. मोतीरामनंही मान डोलावली. पाणी चांगलं हाय, तो म्हणाला, पण इथून बेटापर्यंत काठावर माणूस नाही. चैताआधी तिकडं कुणी फिरकत नाही.

रागिणी नदीकडे पाहत होती. पुढच्या वळणावर रान सुरू होत होतं, दाट आणि हिरवं. तिथंच कुठंतरी ते बेट होतं. फळ्यावर काढलेलं, एकवीस वह्यांत काढलेलं. मनातून ते पुसायला तिला फार जड गेलं.

"नाही कुंदन," ती म्हणाली. "आज आपल्याला कुणीतरी बघत होतं, म्हणून आचल इथे बसून चहा पिते आहे. पुढे बघणारं कोण आहे? जिथवर हाक ऐकणारा माणूस आहे, तिथवरच पोरांची नदी."

परत आल्यावर तिनं फॉर्म भरला. 'संपूर्ण मार्ग' यावर काट मारली आणि लिहिलं, 'घाट ते डांगरवाडी, नऊ किलोमीटर.' मग कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपली चूक लिहून काढली, उतार या शब्दासकट. भगवंतरावांनी वाचून कपाळाला हात लावला. एवढं खरं लिहिलंस तर परवानगी मिळेल का, असं त्यांना वाटलं. रागिणीला तर सोमवार ते गुरुवार झोप नव्हती.

गुरुवारी समितीच्या माधवीबाईंचा फोन आला. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला होता. चूक कबूल करणारा अर्ज आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत, आणि म्हणूनच यावर सही करायला आपल्याला भीती वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. अट एकच, त्या दिवशी मोतीराम त्या जागी उभा हवा.

बेट रद्द झाल्याचं सांगितलं तेव्हा पोरांची तोंडं एवढीशी झाली. मग शिवमनं हात वर केला आणि डांगरवाडीत आइस्क्रीमची गाडी येते का, ते विचारलं. येत नाही, रागिणी म्हणाली, पण तिथे शकुनताईच्या हातचे, गोवऱ्यांत भाजलेले रोडगे मिळतात, आणि वाळूत एकवीस खड्डे आहेत. प्रत्येकानं एक बी लावायचं आणि एप्रिलमध्ये आपलं डांगर न्यायला यायचं. त्यानंतर बेटाचं नाव कुणी काढलं नाही.

आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आठ कॅनो त्या घाटावरून सुटल्या! बागवाल्यानं पाइप आधीच खाली सोडला होता. मोहोळाखालून एकवीस पोरं खरंच मौन पाळून गेली, कारण कुंदननं प्रत्येकाच्या तोंडात संत्र्याची फोड दिली होती. काळा खडक आला. उजव्या धारेच्या तोंडावर, खडकापासून काठापर्यंत, मोतीरामनं नाडा आडवा बांधून त्यावर शकुनचं लाल लुगडं टाकलं होतं. आणि डाव्या धारेच्या मधोमध तो स्वतः काठी रोवून उभा होता.

"उतारानं या!" तो ओरडला. या वेळी सगळ्यांना कळलं.

कॅनो गोट्यांना लागल्या. पोरं पाण्यात उतरली, आरडाओरडा करत, कॅनो हातानं ओढत. सगळ्यात मागच्या कॅनोत प्राजक्ता होती. अंगात जाकीट, जाकिटावर भोपळा! तिनं एक पाय खाली सोडला. मग दुसरा. पाणी खळाळत तिच्या गुडघ्यांभोवती फिरलं आणि पुढं गेलं. ती तशीच उभी राहिली, खाली बघत. मग तिनं मान वर केली.

"मॅडम, पाय टेकले. नदीत."

"टेकणारच," रागिणी म्हणाली. "उतार आहे ना इथे." त्या काठीवाल्या म्हाताऱ्याचे, विळावाल्या शकुनचे, पाइपवाल्याचे, आचलचे, आणि त्या पडलेल्या झाडाचेसुद्धा आभार कसे मानावे, ते तिला समजत नव्हतं.

प्राजक्तानं आणखी चार पावलं टाकली, मोतीरामपाशी जाऊन थांबली आणि पाठीमागं हात नेऊन तिनं स्वतःच गाठ सोडली.

"आबाजी," ती म्हणाली, "हा भोपळा धरा ना जरा."